निनेत तायेब आणि 'कोखाव नोलाद'नंतरची वीस वर्षे

शततारका (धागाकर्ती):

इस्रायलच्या दक्षिणेकडील किर्यात गात हे गाव नकाशावर शोधायचे कारण बाहेरच्या माणसाला सहसा पडत नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यावर, मुख्यतः उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यू स्थलांतरितांना वसवण्यासाठी सरकारने जी 'विकास नगरे' उभी केली, त्यांपैकी हे एक. बायबलमधल्या गोलियथचे 'गथ' इथेच असावे या समजुतीवर त्याचे नाव ठेवले गेले आणि पुढे उत्खननकर्त्यांनी ते गथ दुसऱ्याच टेकडीवर असल्याचे दाखवले. पुढच्या काळात तिथे इंटेलचा मोठा चिप कारखाना आला. पण सामान्य इस्रायली माणसाच्या मनात २००३च्या उन्हाळ्यापासून हे गाव निनेत तायेबचे गाव झाले.

निनेतचा जन्म १९८३चा. घर ट्युनिशिया आणि मोरोक्को या दोन्हीकडची मुळे असलेले. 'कोखाव नोलाद', म्हणजे 'तारा जन्मला', या गायन-स्पर्धेचे पहिले पर्व ती जिंकली तेव्हा तिला विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. केशेत कंपनीची ही मालिका 'चॅनल २' या वाहिनीवर लागत असे, सूत्रसंचालक होते त्सविका हदार आणि परीक्षकांत त्सविका पिक होते. पिक म्हणजे १९९८ साली इस्रायलला युरोव्हिजन (देशोदेशींच्या गाण्यांची युरोपातली वार्षिक स्पर्धा) जिंकून देणाऱ्या गाण्याचे संगीतकार. कार्यक्रमाचा साचा परदेशी 'आयडल'च्या धर्तीचाच होता. स्पर्धकांच्या तोंडी मात्र प्रामुख्याने जुनी हिब्रू गाणी दिली जात. त्यामुळे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे घर एकाच पडद्यासमोर बसू शकले.

तो काळही लक्षात घ्यावा लागतो. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू होता आणि बस, उपाहारगृहे, बाजार यांपैकी कुठेही स्फोट होऊ शकतो ही भीती रोजची झाली होती. त्या वर्षी जूनअखेर पॅलेस्टिनी संघटनांनी तात्पुरता शस्त्रविराम जाहीर केला आणि १९ ऑगस्टला जेरुसलेममधील बसवरच्या हल्ल्यानंतर तो कोसळला. अशा उन्हाळ्यात लोकांनी संध्याकाळी घरी बसून एका कार्यक्रमाला इतका जीव लावला, यात त्या कार्यक्रमाच्या गुणवत्तेइतकाच परिस्थितीचाही वाटा होता, असे माझे मत आहे.

निनेतच्या विजयाचे वेगळेपण समजायचे तर त्याआधी इस्रायलमध्ये गायक कसे घडत ते पाहायला हवे. पहिली काही दशके प्रसिद्धीचा राजमार्ग लष्करी वाद्यवृंदांतून जात असे. सक्तीच्या लष्करी सेवेत ज्यांची निवड नहाल तुकडीच्या गायक-मंडळीत किंवा तशाच दुसऱ्या पथकात होई, त्यांतूनच पुढचे लोकप्रिय गायक निघत. सरकारी रेडिओ त्यांना वाजवी आणि गाण्याचे महोत्सव त्यांना मंच देत. दुसरी वाट अरबी, येमेनी, ग्रीक वळणाच्या 'मिझराही' संगीताची. हे संगीत रेडिओने बराच काळ दाराबाहेर ठेवले, म्हणून ते लग्नसमारंभांत आणि तेल अवीवच्या जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाभोवतीच्या कॅसेटच्या टपऱ्यांवर वाढले. झोहार अर्गोव्हसारखा थोर गायक याच वाटेने आला आणि १९८७ साली तुरुंगाच्या कोठडीत त्याचा अंत झाला. किर्यात गातच्या मोरोक्कन-ट्युनिशियन घरातल्या मुलीसाठी पहिला रस्ता अवघड होता आणि दुसऱ्या रस्त्यावर गेले की शिक्का बसत होता. 'कोखाव नोलाद'ने तिसरा रस्ता काढला, कारण इथे निवड प्रेक्षक करत होते आणि मत मोबाइलवरून जात होते.

ही झाली कौतुकाची बाजू. माझा मुद्दा पुढचा आहे.

अशा स्पर्धेचा विजेता ज्या क्षणी जिंकतो, त्या क्षणी त्याच्याकडे श्रोते असतात आणि गाणी नसतात. नेहमीच्या क्रमात गायक आधी गाणी करतो, ती चार लोकांना आवडतात, मग चाळीस जणांना, आणि श्रोतृवर्ग हळूहळू जमतो. तो जमत असताना त्या गायकाला आपण कोण आहोत हेही उमगत जाते. निनेतच्या बाबतीत सगळा देश आधीच जमून बसला होता आणि त्याने तिला दुसऱ्यांच्या गाण्यांमधून पसंत केले होते. तिने पुढे काय गावे याबद्दल प्रत्येकाचे मत तयार होते. तिचे मत तेवढे तयार नव्हते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचेच होते.

पुढची तीन वर्षे या पोकळीत दूरचित्रवाणीने आपला माल भरला. २००४ साली 'हशीर शेलानू' ही संगीतशाळेत घडणारी दैनंदिन मालिका सुरू झाली आणि निनेत तिची नायिका झाली. अभिनेता येहुदा लेवी आणि तिचे नाते हा वृत्तपत्रांच्या मनोरंजन-पुरवण्यांचा कायमचा विषय बनला. तिचा चेहरा जाहिरातींत, मासिकांत, मुलींच्या खोल्यांच्या भिंतींवर सर्वत्र होता. तिचा स्वतःचा अल्बम मात्र नव्हता. स्पर्धा जिंकल्यानंतर पहिला अल्बम यायला २००६ उजाडले, ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तो अल्बम म्हणजे 'येखेफा', अर्थात 'अनवाणी', आणि त्याचा निर्माता अवीव गेफेन. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. गेफेन हा नव्वदच्या दशकातला बंडखोर रॉक गायक. चेहऱ्याला रंग फासून गाणारा, लष्करी सेवा न केलेला, आणि ४ नोव्हेंबर १९९५च्या ज्या शांतता-सभेनंतर पंतप्रधान राबिन यांची हत्या झाली त्याच सभेत गायलेला. देशाच्या लाडक्या मुलीने अशा माणसाकडे जावे, हे तिच्याभोवतीच्या हिशेबी मंडळींना कितपत रुचले असेल कोण जाणे. अल्बम जोरात चालला. ऐकताना मात्र जाणवते की तो अर्धा गेफेनचा आहे: सुरावटींची वळणे त्याची, उदासी त्याची, आणि त्यांत निनेतचा आवाज एखाद्या उत्तम अभिनेत्रीसारखा वावरतो. (अवांतर: याच गेफेनने २०१२ पासून 'द व्हॉइस'च्या इस्रायली आवृत्तीत मार्गदर्शकाची फिरती खुर्ची स्वीकारली. बंडखोरीचेही वय होते.)

खरे वळण २००९चे. 'कोम्युनिकातिवी' या दुसऱ्या अल्बममध्ये तिने लाडक्या मुलीचे रूप टाकून दिले. गिटारी खरखरीत झाल्या, आवाजावरचा मुलामा जाणूनबुजून काढला गेला, आणि मालिका पाहून तिच्या प्रेमात पडलेल्या श्रोत्यांपैकी बरेच जण तिथे थांबले. ते साहजिकच होते; त्यांनी ज्या मुलीला मत दिले होते ती ही नव्हती. त्यानंतर २०१२ साली इंग्रजी गाण्यांचा अल्बम आला, मग ती पुन्हा हिब्रूकडे वळली, आणि २०१६च्या सुमारास कुटुंबासह लॉस एंजेलिसला राहायला गेली, जिथे तिला रस्त्यात कोणी ओळखत नव्हते.

एका ठिकाणी मात्र थांबून सांगते, कारण माझ्या दृष्टीने तिची खरी वर्णी तिथे लागली. इंग्रज संगीतकार स्टीव्हन विल्सन याच्या २०१५च्या 'हँड. कॅनॉट. इरेज.' या अल्बममधील 'रूटीन' या गाण्यात तिचा आवाज आहे. घरच्या माणसांना गमावलेली एक बाई रोजची कामे करत राहते, कारण कामे थांबली तर दुःख समोर येऊन उभे राहील, असा त्या सुमारे नऊ मिनिटांच्या गाण्याचा आशय. सुरुवातीला पियानो, विल्सनचा जवळजवळ भावनाशून्य स्वर, मध्ये एका लहान मुलाचा कोवळा आवाज. निनेत येते ती घरकामाची यादी वाचावी तशा सपाट स्वरात. मग वाद्ये चढत जातात, तिचा स्वर त्यांच्यासोबत वर सरकतो आणि एका जागी त्या स्वराची किंकाळी होते. ती किंकाळी सुरात आहे, पण सुंदर नाही, आणि तिने ती सुंदर करायचा प्रयत्नही केलेला नाही. दूरचित्रवाणीवरच्या कोणत्याही स्पर्धेत परीक्षकांनी तिला तिथेच थांबवून 'वरच्या पट्टीत आवाज फाटतोय' असे सुनावले असते. गाणे संपते ते मात्र अगदी हळू, जणू तीच बाई पुन्हा भांड्यांकडे वळली आहे.

२००३ साली प्रेक्षकांनी निवडलेला आवाज आणि या गाण्यातला आवाज एकाच गळ्यातले आहेत. पण पहिल्याला दुसऱ्यापर्यंत पोहोचायला बारा वर्षे आणि अर्धेअधिक चाहते खर्च करावे लागले. स्पर्धेने तिला जे दिले ते मोडून खाण्याची तिची तयारी होती, म्हणून ती गायिका म्हणून उरली, असे मला वाटते. जाणकारांनी आपली मते जरूर मांडावीत.

---

तारसप्तक:

धाग्याबद्दल आभार. निनेत तायेब हे नाव मी आणि माझ्या मित्रमंडळीने उलट्या क्रमाने ऐकले, म्हणून थोडी पूरक माहिती देतो. मुंबईत प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारा एक छोटा पण चिवट वर्ग आहे, आणि विल्सनचा जुना बँड पॉर्क्युपाइन ट्री डिसेंबर २००९ मध्ये पवईला आयआयटीच्या 'मूड इंडिगो'त वाजवून गेल्यापासून तर त्यांतले काही जण विल्सनचा प्रत्येक श्वास मोजतात. आमच्यासाठी निनेत म्हणजे 'रूटीन'वाली बाई. २०१७च्या 'पराया' या गाण्यातही विल्सनने तिला घेतले, तेव्हा कुठे आमच्यापैकी कोणीतरी शोध घेतला आणि कळले की ही तिच्या देशात एका टॅलेंट शोची विजेती होती. खरे सांगायचे तर थोडा धक्काच बसला, कारण अशा कार्यक्रमांबद्दल आमच्या मनात एक प्रकारची तुच्छता होती.

तुमच्या लेखात एक दुवा अर्धवट राहिला आहे तो जोडतो. विल्सनपर्यंत ती पोहोचली त्याचा उगम अवीव गेफेनपाशी आहे. गेफेन आणि विल्सन यांचा 'ब्लॅकफील्ड' हा संयुक्त प्रकल्प होता आणि त्याचा पहिला अल्बम २००४ सालचा. त्या निमित्ताने विल्सनचे इस्रायलला जाणे-येणे, तिथे राहणे हे सगळे आधीच घडत होते. म्हणजे २००६ साली निनेतने गेफेनकडे जाण्याचा जो निर्णय घेतला, त्याची फळे केवळ 'येखेफा'पुरती नव्हती. त्या एका निवडीने तिला अशा वर्तुळात नेले जिथे तिच्या आधीच्या प्रसिद्धीला काही किंमत नव्हती आणि आवाजाला होती.

२०१६ साली डेव्हिड बोवीच्या निधनानंतर विल्सनच्या मैफलींत त्या दोघांनी बोवीचे 'स्पेस ऑडिटी' मिळून गायले, त्याचे चित्रण उपलब्ध आहे. ज्यांना 'रूटीन' पहिल्याच दमात जड वाटेल त्यांनी तिथून सुरुवात करावी.

---

अश्दोदकर:

शततारकाताई, लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्याच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, आहे, आमचे मूळ गाव अलिबागच्या परिसरातले, आणि आमच्या घरी आजही आजीशी मराठीतच बोलतो. त्यामुळे किर्यात गातसारख्या गावांकडे पाहण्याची आमची नजर थोडी वेगळी आहे.

विकास नगरे ही केवळ मोरोक्कन आणि ट्युनिशियन लोकांची नव्हती. कोकणातून आलेल्या आमच्या लोकांनाही दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद अशा ठिकाणी वसवले गेले. या गावांतल्या लोकांना तेल अवीवची सांस्कृतिक मंडळी कोणत्या नजरेने पाहत, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच २००३चा तो उन्हाळा पुरता समजेल. निनेत जिंकली तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना तिच्या सुरांपेक्षा तिचे आडनाव आणि गाव महत्त्वाचे वाटले होते. 'आपल्यासारख्या गावची पोर' हे शब्द मी घरात ऐकले आहेत.

आता माझा आक्षेप. आपण असे मांडता की तिने सामान्य प्रेक्षकांचा कौल मोडून खाल्ला आणि त्यातून ती खरी गायिका झाली. पण तिने तो मोडून विकत काय घेतले? गिटारी, इंग्रजी, तेल अवीवच्या रॉक वर्तुळाची मान्यता. म्हणजे ज्या अभिजनांच्या दाराबाहेर तिची माणसे उभी होती, त्यांच्याच पसंतीला उतरल्यावर आपण तिला 'गायिका' ही पदवी बहाल करत आहात. किर्यात गातच्या मावशीला आवडणारा आवाज कमी खरा आणि लंडनच्या संगीतकाराला आवडणारा अधिक खरा, हे गणित मला पटत नाही.

त्याच पर्वातील उपविजेती शिरी मायमॉन हिचे उदाहरण पाहावे. तिने लोकप्रिय संगीत कधीच सोडले नाही. २००५ साली कीव्हच्या युरोव्हिजनमध्ये तिने चौथा क्रमांक मिळवला, पुढे रंगभूमीवर गेली आणि २०१८ साली ब्रॉडवेवर 'शिकागो'मध्ये रॉक्सी हार्टची भूमिका केली. तिला आपला प्रेक्षक गमवावा लागला नाही, आणि तिच्या गायनात काही उणे राहिले असेही कोणी म्हणत नाही.

आणखी एक नाव घेतो. २०११च्या नवव्या पर्वाची विजेती हागित यासो. स्देरोतची मुलगी, गाझाच्या सीमेलगतच्या गावातली. तिचे आईवडील इथिओपियातून सुदानमार्गे आलेले. तिने पुढे विल्सनसारख्या कोणाबरोबर गायले नाही म्हणून तिचे जिंकणे वाया गेले काय? इथिओपियन घरांतल्या मुलींनी त्या रात्री पडद्यावर जे पाहिले त्याचे मोल अल्बमांच्या मोजपट्टीने होणार नाही.

जाता जाता, आपल्या लोकांपैकी लिओरा इत्झाक हिचा मार्ग याहून निराळा होता. लोदला जन्मलेली ही मुलगी किशोरवयात पुण्याला येऊन हिंदुस्थानी संगीत शिकली आणि हिंदी चित्रपटांसाठीही गायली. २०१७ साली पंतप्रधान मोदी तेल अवीवला आले तेव्हा दोन्ही देशांची राष्ट्रगीते तिने गायली. तिला कोणत्याही स्पर्धेच्या मतदानाने वर आणले नाही. आमच्याकडे ज्यांना मंच मिळत नसे त्यांनी मंच शोधत किती लांब जावे लागे, हे त्यावरून कळावे.

---

गोखले_रस्ता:

दोन्ही बाजू वाचल्या. एक साधी शंका आहे. 'कोखाव नोलाद' आणि आता युरोव्हिजनच्या बातम्यांत येणारा 'हकोखाव हबा' हे एकच आहेत का? आणि आपल्याकडच्या 'रायझिंग स्टार'शी त्याचा काही संबंध आहे असे मी कुठेतरी ऐकले होते.

---

शततारका (धागाकर्ती):

@गोखले_रस्ता, ते वेगवेगळे कार्यक्रम आहेत, पण घर एकच. 'कोखाव नोलाद'ची दहा पर्वे २००३ ते २०१२ या काळात झाली. केशेतने तो बंद करून २०१३ साली 'हकोखाव हबा' म्हणजे 'पुढचा तारा' आणला. त्यात गायक एका भल्या मोठ्या पडद्याआड उभा राहून गातो, प्रेक्षक मोबाइल अॅपवर त्याच वेळी मत देतात, आणि मतांचा टक्का सत्तरीला पोहोचला की पडदा वर सरकतो. परीक्षकांचे मतही याच टक्केवारीत मिसळले जाते. ही कल्पना केशेतने परदेशांत विकली. अमेरिकेत ती २०१४ साली आली आणि आपल्याकडे २०१७ साली कलर्स वाहिनीवर 'रायझिंग स्टार' या नावाने. शंकर महादेवन, मोनाली ठाकूर आणि दिलजित दोसांझ ज्या खुर्च्यांवर बसत होते, त्यांचा आराखडा तेल अवीवचा. तेव्हा आपण ऐकलेत ते बरोबर आहे.

पडद्याच्या या युक्तीबद्दल एक तक्रार नोंदवते. गायकाला दीड-दोन मिनिटांत सत्तरी गाठायची असते, त्यामुळे गाणे निवडतानाच ते लवकर चढणारे निवडावे लागते. ज्या गाण्याला उमलायला चार मिनिटे लागतात त्याचा पडदा वर जाणार कसा? 

@अश्दोदकर, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. शिरी मायमॉनबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे आणि तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. हागित यासोच्या विजयाचे मोल अल्बमांनी ठरत नाही, हेही मान्य. तरीही मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे, कारण माझा आक्षेप प्रेक्षकांच्या अभिरुचीवर नाही. 'येखेफा' हा रॉककडे झुकलेला अल्बम होता, त्याला गेफेनसारख्या प्रतिष्ठिताचा हात लागला होता, आणि तरीही मी त्याला अर्धा परका म्हटले. म्हणजे अभिजनांचा शिक्का मला पुरेसा वाटला असता तर मी २००६ वरच थांबले असते. 'कोम्युनिकातिवी' मला महत्त्वाचा वाटतो तो गिटारींमुळे नाही. 'हे चालणार नाही' असे सांगणारी माणसे आजूबाजूला असताना तिने तो केला, म्हणून. उद्या तिने सगळे सोडून आजीच्या ट्युनिशियन लग्नगीतांचा अल्बम केला असता आणि त्यामुळे रॉकवाले रुसले असते, तरी मी हेच लिहिले असते.

---

अश्दोदकर:

हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, परंतु मग एक प्रश्न उरतो. 'हे चालणार नाही' हे धुडकावण्याची मोकळीक तिला कोणी दिली? २००९ साली कोणत्याही अनोळखी मुलीने तसा अल्बम केला असता तर त्याची बातमीही झाली नसती. निनेतचा तो धीटपणा बातमी ठरला, कंपनीने तो छापला, आणि तो पडल्यावरही तिला पुढचा अल्बम करता आला, तो किर्यात गातच्या मावशीने २००३ साली मोबाइलवर दिलेल्या मतांच्या भांडवलावर. मोडून खायला आधी गाठीला काही असावे लागते.

---

तारसप्तक:

अश्दोदकर यांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. आणि त्या भांडवलाचा दुरुपयोग करणारे विजेते कितीतरी आहेत, त्यामुळे शततारका यांचा मुद्दाही बाद होत नाही.

---

नीरजा_प:

चर्चा छान चालली आहे, म्हणून नव्या पिढीबद्दल थोडे लिहिते, कारण २०१५ नंतर या विजेत्यांचे भवितव्य मुळापासून बदलले. २०१५ पासून 'हकोखाव हबा'चा विजेता म्हणजे युरोव्हिजनचा इस्रायली प्रतिनिधी, असे समीकरण झाले (मध्ये एखाद-दोन वर्षे निवड दुसऱ्या मार्गानेही झाली). नदाव गेज सोळा वर्षांचा असताना व्हिएन्नाला गेला आणि नववा आला. २०१८ साली नेता बर्झिलायने लिस्बनला स्पर्धाच जिंकली. तिच्याबाबत एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. घरच्या स्पर्धेत तिने नाव कमावले ते लूपर नावाच्या यंत्रावर आपल्याच आवाजाचे थर रचून, कधी कोंबडीसारखे आवाज काढून. युरोव्हिजनच्या तेव्हाच्या नियमांत मात्र मंचावर आवाज असा ध्वनिमुद्रित करून पुन्हा वाजवायला मुभा नव्हती. म्हणजे ज्या कौशल्यावर तिची निवड झाली तेच तिला दाराबाहेर ठेवून जावे लागले, आणि तरी ती ५२९ गुणांनी जिंकली.

निनेतला जिंकल्यावर निदान तीन वर्षे चाचपडायला मिळाली. आताच्या विजेत्याला साधारण तीन-चार महिन्यांत एक इंग्रजी-हिब्रू गाणे, नेपथ्य, पोशाख आणि सबंध देशाची बाजू खांद्यावर घेऊन युरोपात उभे राहावे लागते. २०२४ साली एदेन गोलान माल्मोला गेली, तेव्हा गाझातील युद्धामुळे शहरात मोठी निदर्शने झाली, सभागृहात तिच्या गाण्याच्या वेळी हुर्यो झाली, आणि तिचे गाणेही संयोजकांनी पहिल्या रूपात राजकीय ठरवून नाकारल्यामुळे शब्द बदलून 'हरिकेन' या नावाने सादर करावे लागले होते. ती पाचवी आली. २०२५ साली बासेलला गेलेली युवल राफाएल ही तर नोव्हा महोत्सवावरील ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यातून, रस्त्याकडेच्या बॉम्बनिवाऱ्यात मृतदेहांखाली कित्येक तास लपून वाचलेली मुलगी. ती दुसरी आली. प्रेक्षकांच्या मतांत पहिली होती, परीक्षक-मंडळांच्या मतांत बरीच मागे. इस्रायलने भाग घ्यावा की नाही आणि मतदान कितपत निखळ होते, यावर युरोपातील काही प्रसारण-संस्थांनी जाहीर प्रश्न विचारले.

या वादाच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही, त्यासाठी दुसरे धागे आहेत. मला एवढेच विचारायचे आहे की युवलला लोक गायिका म्हणून कधी ऐकणार? तिच्या बाजूने मत देणारे आणि तिच्या विरोधात फलक धरणारे, दोघांनाही ती गाण्याच्या आधीच ठाऊक होती. निनेतला फक्त 'लाडकी मुलगी' हे रूप झटकायचे होते. हिला काय काय झटकावे लागेल?

---

शततारका (धागाकर्ती):

@नीरजा_प, उत्तम प्रतिसाद. याचे उत्तर आज कोणी देऊ शकेल असे वाटत नाही, पण तुलनेसाठी एक निरीक्षण मांडते. निनेतच्या मागे २००३ साली जे ओझे होते ते देशांतर्गत होते: गाव, वर्ग, मालिका, मासिके. ते झटकण्यासाठी तिला भाषा बदलता आली, देश बदलता आला. लॉस एंजेलिसमध्ये ती कोणीच नव्हती आणि तेच तिला हवे होते. युवल किंवा एदेन यांना ती सोय नाही, कारण त्यांची ओळख परदेशातच अधिक पक्की झाली आहे. त्यांना नव्याने सुरुवात करायची झाली तर ती घरच्या, हिब्रू श्रोत्यांसमोरच करावी लागेल, म्हणजे निनेतच्या नेमकी उलट दिशेने.

@अश्दोदकर, भांडवलाचा मुद्दा मी मान्य करते आणि लेखात तो घालायला हवा होता असे म्हणण्यापेक्षा, तो आपल्या नावावरच राहू दे. ज्यांना ऐकून पाहायचे आहे त्यांच्यासाठी क्रम: आधी 'येखेफा'मधील शीर्षकगीत, मग 'कोम्युनिकातिवी' सलग, आणि त्यानंतर 'रूटीन'. 'रूटीन' हेडफोन लावून ऐकावे; किंकाळीच्या आधीचे तिचे कुजबुजणे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.